बायकांची येळवस

येळवशीच्या दिवशी लातुरात चहासुद्धा मिळत नाही. दुकानं बंद, क्लास बंद, रिक्षा बंद. मार्गशीर्षातली ती अमावस्या म्हणजे रानात जेवायचा सण, आणि सगळं शहर आपल्या नाही तर दुसऱ्याच्या रानात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले आवतण देतात. चार ठिकाणची आवतणं असली की चारी ठिकाणी आंबील प्यावी लागते आणि संध्याकाळी पोट धरून बसावं लागतं. त्या दिवशी जो माणूस शहरात दिसतो, त्याला कुणी बोलावलेलं नाही हे उघड असतं. माझ्या होस्टेलला डबे देणारी बाई दर येळवशीला शहरातच असायची. मला हे माहीत नव्हतं, कारण मी रानात असायचे.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. अकरावी-बारावीला आणि मेडिकलच्या तयारीला आलेल्या मुलींचं होस्टेल चालवते. आमचा नियम एकच आणि कडक: पुरुष ऑफिसच्या पुढे येणार नाही, मग तो मुलीचा बाप का असेना. बाप लोक कुरकुर करतात आणि मनातून खूश होतात. त्या नियमावरच माझं होस्टेल भरतं.

डबेवाली जिना चढून थेट मुलींच्या जेवणघरापर्यंत येते. ती जळकोटकडच्या एका शेतकरी घरात मुलगा म्हणून जन्मली, तिशीच्या आत घर सोडलं, आणि आता तिला सगळे बाई म्हणूनच ओळखतात. म्हणजे जे ओळखायचं ठरवतात ते. उंच, रुंद खांद्यांची, हातात मनगटापासून निम्म्या हातापर्यंत हिरव्या बांगड्या. एका बापाने मला विचारलं होतं, "मॅडम, ती डबेवाली वर जाते, ते चालतं का?" मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं वजन वाढलंय ते बघा." विषय तिथंच संपला. मी त्यावर फार विचार केला होता असं नाही. भाजी चांगली होती.

आमचा बायकांचा एक गट आहे, निम्म्या नांदेडच्या, निम्म्या लातूरच्या. तो सुरू केला अक्काने. अक्का नांदेडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, आता निवृत्त. तरुणपणी नवऱ्याचा मार खाऊन, लहान मुलीला काखेत घेऊन घराबाहेर पडलेली. त्या वेळी एका मैत्रिणीच्या आईने स्वयंपाकघरामागची खोली तिला दिली आणि दाराशी स्वतः खाट टाकून झोपली. अक्का म्हणते, पुढे वाचलेली सगळी पुस्तकं त्या खाटेपुढे फिकी होती. बायकांना बायकांची म्हणून एक जागा पाहिजे, जिथे पुरुषाचा खाकरण्याचा आवाजसुद्धा येणार नाही, हे तिचं मत तेव्हापासूनचं.

बायकांची येळवस हीसुद्धा तिचीच कल्पना. येळवशीला पुरुष रानात जाऊन जेवतात. बायका आदल्या दिवसापासून भाज्या निवडतात, आंबील लावतात, बाजरीचे उंडे वळतात, डोक्यावर वाहून नेतात, वाढतात, भांडी घासतात. आणि शेवटी शेताला आंबील शिंपायचा मान पुरुषाचा. एका वर्षी अक्का म्हणाली, "सण लक्ष्मीचा आणि शिंपायला गडी. आपण आपली वेगळी करू." तेव्हापासून खऱ्या येळवशीनंतरच्या रविवारी आम्ही चाकूरजवळ एका मावशीच्या शेतात जमतो. ते लातूर-नांदेड रस्त्यावरच आहे, दोन्हीकडच्यांना सोयीचं पडतं. प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायचा, रानातल्या चुलीवर फक्त भाजी, म्हणजे कुणी एक चुलीला जुंपली जात नाही. शिंपायचं काम अक्का करते. जीपसुद्धा आमच्यातलीच एकजण चालवते.

जेवणाआधी मोटार चालू होते. बोअरचं पाणी थंडीत कोमट येतं. आम्ही परकर छातीशी बांधून त्या जाड धारेखाली बसतो, म्हाताऱ्या-तरण्या सगळ्या, आणि जे हसतो ते तीन शेतं पलीकडे ऐकू जातं. आमच्यातल्या एकीची वळ उठलेली पाठ मी तिथंच पहिल्यांदा पाहिली. घरात ती पाठ कुणाला दिसत नसणार. कुणी काही विचारलं नाही, एकीने साबण लावला. त्या दिवसाची किंमत मला कळते, हे आधीच सांगून ठेवते.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एकदा डबेवाली रिकामे डबे गोळा करता करता म्हणाली, "ताई, तुमच्या त्या बायकांच्या येळवशीला मला न्याल का?"

"तुझ्याकडे भज्जी होते की," मी म्हटलं.

"गॅसवरची हाय ती. रानात बसून खायची हाय. घर सुटल्यापासून खाल्ली न्हाई." मग डबे मोजल्यासारखं करत म्हणाली, "येळवशीला मी डबे करायच्या गाळ्याचं शटर आतून ओढून घेते. लोकांना वाटावं, गेली कुठं तरी."

भज्जी म्हणजे आमच्याकडची येळवशीची पातळ भाजी. मिळेल ती पालेभाजी, शेंगा, बोरं, सगळं बेसनात आणि आंबट ताकात शिजवलेलं. ती घरी केली तर नुसती भाजी होते. मी म्हटलं, "विचारते," आणि रात्री गटाच्या व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या.

सकाळी उठून बघते तो युद्ध पेटलेलं. नांदेडच्या आमच्या तरुण वकीलबाईने लिहिलं होतं, यात विचारायचं काय, ट्रान्स बाई ही बाईच. अक्काने लिहिलं होतं, यात विचारण्यासारखंच सगळं आहे. दोघींच्या मेसेजखाली अंगठे टाकणाऱ्या बायका जवळजवळ सारख्याच होत्या, आणि काहींनी दोघींनाही टाकले होते. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी म्हटलं, बोटं दुखतील, माझ्याकडे जेवायला या आणि तोंडाने भांडा.

मग एका रविवारी सगळ्या माझ्या होस्टेलच्या जेवणघरात बसल्या. मुली अभ्यासिकेत होत्या. अक्का नांदेडहून एसटीने आली होती आणि गुडघा दुखत असल्यामुळे आधीच तापलेली होती.

"हे बघा," ती म्हणाली, "तिला कुणी मारलं तर पोलीस स्टेशनात मी उभी राहीन. तिला खोली मिळावी, रेशन कार्ड मिळावं, तिच्या धंद्याला कुणी हात लावू नये. माझं भांडण तिच्याशी नाही. पण बाई असणं हे काय मनाला वाटणं आहे? मला कधी वाटलं नव्हतं. मला न विचारता बाई केलं आणि बाई म्हणून मारलं. वर्षातून एकदा आपण अंगावरचं काढून पाण्याखाली बसतो. तिथे मला कुणाचा विचार करावा लागू नये."

"अक्का, काळ बदलला," वकीलबाई म्हणाली.

"बदलला असता तर तुझ्या ऑफिसात एवढ्या बायका बसल्या नसत्या."

"बसतात. आणि त्यांना मारणाऱ्यांत मला अजून एकही ट्रान्स बाई सापडलेली नाही. विधवांना हळदीकुंकवाला बाहेर ठेवायचे, तेव्हाही लोक असंच म्हणायचे, आमच्या समारंभात कशाला."

"विधवा बाईच असते."

"हीपण."

"तेच तर सिद्ध व्हायचंय."

"कोण करणार सिद्ध? तुम्ही? कसं?"

यावर कुणी तरी खाली मान घालून हसलं, आणि अक्का आणखी तापली. मला खरं सांगायचं तर दोघींचंही पटत होतं. ते सुखाचं नसतं, पण होस्टेल चालवणाऱ्या बाईला सवय असते. खिडकी उघडी पाहिजे म्हणणारीचंही पटतं आणि डास येतात म्हणणारीचंही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेतवाली मावशी. ही विधवा. तिच्या दिरांनी जमीन हडपली होती. सातबाऱ्यावर तिचं नाव चढावं म्हणून आमच्या गटाने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आमच्या गटाची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे ते नाव. हात भाजीचे होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, सरपण किती काढून ठेवू? अवंदा किती जणी?" मावशीने विचारलं. मग मागचा कालवा ऐकून, "काय चालू हाय तिथं? कोन मेलं?"

वकीलबाईने थोडक्यात सांगितलं. अक्काने त्यात दुरुस्ती केली. दोघी मिळून बराच वेळ बोलल्या. मावशी ऐकत होती.

"येळवस कुठं हाय?" तिने शेवटी विचारलं.

"तुमच्या शेतात, मावशी."

"आवतण कोन देतंय?"

 येळवशीचं आवतण शेतवाला देतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही आठवडाभर घसे फोडले, घटनेची कलमं काढली, आणि ज्या बाईच्या नावावर ते रान व्हावं म्हणून इतकी वर्षं भांडलो, तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मावशी चिडली होती. "नाव लावून दिलं तुम्ही, आन मालकी तुमच्याकडंच ठिवली व्हय? माझा दीरबी असंच करतो. बसून ठरवतो, मग मला सांगतो."

अक्काचा चेहरा पडला. पण ती चुकलेल्या मुद्द्याला धरून बसणारी बाई नाही. टेबलावर हात ठेवून म्हणाली, "बरोबर आहे. रान तिचं, आवतण तिचं. मावशी, तू म्हणशील ते."

"मी काय म्हनू? मी बघितली न्हाई तिला. आधी आनून दावा."

म्हणून पुढच्या रविवारी मी डबेवालीला गाडीत घालून चाकूरला निघाले. तिने नवी साडी नेसली होती आणि पूर्ण रस्ता पदर ओढत होती. वाटेत मी सरळ विचारलं. अशी गोष्ट आडून विचारली की जास्त वाईट लागते. "तिथं सगळ्या मोटारीखाली अंघोळीला बसतात. तुझं काय?"

ती इतकी हसली की मला गाडीचा वेग कमी करावा लागला. "मी? उघड्यावर? ताई, मला घरात अंघोळीला दोन कड्या लागतात. आन वर खुर्ची लावते दाराला."

मी हे नंतर दोघींनाही कळवलं. वकीलबाई म्हणाली, हे तिला सांगावं लागतं हाच अन्याय आहे. अक्का म्हणाली, ती लाजरी आहे म्हणून प्रश्न मिटत नाही, उद्या दुसरी लाजरी नसेल. मी म्हटलं, नियम सावकाश करा, मला सध्या एका माणसाचं ताट वाढायचंय.

चाकूरला मावशीने डबेवालीला ओट्यावर बसवलं आणि मुलगी बघायला आल्यासारखी समोर बसली. वरून खाली, खालून वर पाहिलं.

"कुठल्या गावची?"

तिने सांगितलं.

"मग येळवस ठाव असंल. घरी काय करायची तू येळवशीला?"

डबेवालीने पदर पुन्हा ओढून घेतला. मग म्हणाली, "वडलांमागं आंबील शिंपत फिरायचे. पोरगा म्हनून. आई आन बहीण भज्जी करायच्या. मी चुलीपशी बसले की वडील उठवायचे. बिंदगं डोक्यावर घ्यायचं लई मनात असायचं. ते बहिणीला द्यायचे."

बिंदगं म्हणजे आंबिलीचं मडकं. मावशीच्या गावची रीत अशी की शेताला फेरी घालताना बिंदगं बाईच्या डोक्यावर आणि मागून शिंपणारा पुरुष.

मावशीने जरा विचार केला. "माझे दीर शेजारच्याच रानात असत्यात. ते बोलतील. मला बोलतील, तुला न्हाई. तू जाशील लातूरला, मी हितंच हाय."

"मग नगं मावशी," डबेवाली म्हणाली आणि उठायला लागली.

"बस. मी नगं म्हनले का? बोलत्यात ते रोजच. त्यांचा बोलायचा विषय संपत आला व्हता, नवा मिळंल." मग तिने विचारलं, "भज्जी येती का?"

"गॅसवर."

"चुलीवरची शिकवते. ये येळवशीला."

असं आवतण मिळालं. परत येताना चाकूर सुटल्यावर डबेवालीने अचानक मला रताळ्याचा भाव विचारला; येळवशीला काय न्यायचं ते ठरत होतं.

बायकांच्या येळवशीच्या रविवारी थंडी चांगली होती. हरभरा घाट्यांवर आला होता, ज्वारी कमरेच्या वर. मावशीने कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी केली होती, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडले होते. मोटार सुरू झाली तशा सगळ्या पळाल्या. डबेवाली कोपीपाशी चुलीसमोर बसली, पाण्याकडे पाठ करून. अक्का गेली नाही. गुडघा हे कारण सांगून तिने तिथंच सतरंजी पसरली.

"तुम्ही जा की अक्का," डबेवाली म्हणाली.

"तुझ्यावर नजर ठेवायला कुणी नको?"

"ठेवा. पन भज्जी हलवत ठेवा. खाली लागायला लागली."

अक्काने डाव घेतला. अख्ख्या गटात चुलीला हात न लावण्याची शपथ घेतलेली एकटीच बाई ती. मी ओल्या केसांनी परत आले तेव्हा ती भज्जी ढवळत होती आणि दोघी कडाकडा भांडत होत्या.

नैवेद्य झाला. फेरीची वेळ आली तेव्हा मावशीने काही न विचारता चुंबळ केली आणि बिंदगं उचलून डबेवालीच्या डोक्यावर ठेवलं. आणि डहाळी व आंबिलीचा एक तांब्या अक्काच्या हातात दिला. दर वर्षी बिंदगं घ्यायला आम्ही एकमेकींकडे ढकलायचो, कारण ते जड असतं आणि आंबील मानेवर गळते. या वर्षी कुणी ढकलाढकली केली नाही. डबेवाली पुढे निघाली, ताठ. मागे अक्का, लंगडत, डहाळीने आंबील उडवत. मागे आम्ही.

शिंपताना म्हणायची एक आरोळी आहे, ओलगे ओलगे सालम पोलगे. ती कानडीतून आली म्हणतात, अर्थ कुणाला विचारू नये. त्या दिवशी आरोळी आणि भांडण आलटून पालटून ऐकू येत होतं. डोक्यावर बिंदगं असल्यामुळे डबेवालीला मागे वळता येत नव्हतं. ती समोर बघून उत्तरं द्यायची आणि ती ऐकू जावीत म्हणून जोरात द्यायची. सगळ्या शिवाराला कळत होतं.

"एवढ्या बांगड्या कशाला?" अक्का मागून म्हणाली. "त्या काढायला आमचा जन्म गेला."

"तुम्हाला कुनी भरल्या व्हत्या?"

"आईने. न विचारता."

"मला विचारूनबी कुनी भरल्या न्हाईत. बांध आला, ओलगे म्हना."

"ओलगे ओलगे सालम पोलगे. पण चूल, बांगड्या, डोक्यावर ओझं, यालाच तू बाई म्हणतेस. आम्ही याला बेडी म्हणतो."

"ओझ्यासाठी मी बाई झाले न्हाई अक्का. बाई व्हतेच. ओझं तेवढं कुनी देत नव्हतं."

"घरात पंगतीला आधी कुणाला वाढायचे? तुला का बहिणीला?"

पुढची पावलं जरा हळू झाली. "मला," डबेवाली म्हणाली. "खरं हाय ते. दूधबी मलाच. बहीण अजून बोलत न्हाई माझ्याशी, आन तिचं चुकतं असं मला वाटत न्हाई."

 अक्काने डहाळी तांब्यात बुडवली, आंबील शिंपली, आणि आरोळी जरा मोठ्याने दिली.

शेजारच्या बांधावर मावशीचा थोरला दीर उभा होता. टोपी, हातात काठी, चेहऱ्यावर आम्ही दर वर्षी बघतो ते हसू. "वयनी," त्याने हाक मारली, "ही कोन नवी आनलीस, एवढी थोरली?"

सगळ्या थांबल्या. बिंदगं हललं नाही, पण बांगड्या वाजल्या.

मावशी पुढे झाली. "माझी पाव्हनी हाय, भावजी. मी आवतण दिलंय. तुमालाबी देते, या जेवायला. पन बायकांची येळवस हाय, जेवून झालं की परातीतली भांडी घासावी लागतील."

तो "न्हाई, जेवन झालंय" असं काही तरी पुटपुटत वळला. पहिल्यांदा हसली ती अक्का. मग फेरी पूर्ण झाली.

जेवताना डबेवालीने तीनदा भज्जी घेतली आणि मावशीला सांगितलं की मीठ जास्त झालंय. मावशी म्हणाली, मीठ अक्काने घातलं. अक्का म्हणाली, मी शपथ मोडली त्याची तुम्हाला शिक्षा.

जीपमध्ये बसताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "मला पटलेलं नाही हं अजून. पाण्याचा नियम लिहून काढायचा आहे."

"मग पुढच्या वर्षी तिला बोलावायचं नाही?"

"ते मला काय विचारतेस? मावशीला विचार."

चार दिवसांनी अक्काचा फोन आला. एक मुद्दा राहून गेला होता, डबेवालीचा नंबर हवा होता. मी दिला. त्यानंतर वकीलबाईचाही आला, तिला त्या दोघींत मध्ये बोलायचं होतं. आता दुपारचे डबे कधी कधी अर्धा तास उशिरा येतात. मुली तक्रार करतात. मी जिन्यात जाऊन बघते, तर डबेवाली पायरीवर पिशव्या ठेवून, फोन खांद्यात धरून उभी असते आणि म्हणत असते, "थांबा अक्का, मला बोलू द्या. आता माझ्या डोक्यावर बिंदगं न्हाई."